अभिनेत्री स्मिता पाटील

सातपुड्याच्या दक्षिणेस तापी नदीचे काळ्या मातीचे खोरे पसरले आहे. हाच खानदेश होय. त्यातील धुळे जिल्ह्यात शिरपूर नावाचे गाव आहे. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले व पुढे राज्याचे मंत्री झालेले शिवाजीराव पाटील हे या गावचे. त्यांच्या पत्नी विद्याताई यांनाही समाजसेवेची आवड होती. या दांपत्याची कन्या स्मिता हिचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुणे येथे झाला. शाळेत असतानाच ती राष्ट्र सेवा दलाच्या कार्यक्रमांत भाग घेऊ लागली. दीनदुबळ्यांविषयीची कळकळ तिला घरातूनच मिळाली होती; सेवा दलात ती अधिकच वाढली.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले. तेथे स्मिता पाटील मराठी बातम्या देऊ लागल्या. त्यांचे टपोरे, बोलके डोळे व गंभीर आवाज प्रेक्षकांच्या मनात ठसे. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी त्यांना दूरदर्शनवर पाहिले आणि चित्रपटात काम दिले.

त्या काळी नायिका म्हटली म्हणजे ती गोरीपान व नटलेली असावी, अशी समजूत होती. स्मिता पाटील यांचा वर्ण सावळा होता. परंतु तो झाकण्याचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. ज्या स्त्रीची भूमिका करावयाची, तिचे चालणे, बोलणे, काम करणे त्या बारकाईने पाहत व ते अंगी बाणवीत.

‘मंथन’ या १९७६ सालच्या चित्रपटात त्या गुजरातमधील दूधवाली बिंदू झाल्या. या चित्रपटासाठी ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते! ‘जैत रे जैत’मध्ये त्या ठाकर समाजातील निर्भय चिंधी झाल्या. ‘भूमिका’मध्ये त्यांनी एका नटीचे चढउताराचे आयुष्य रंगविले. ‘चक्र’साठी तर त्या मुंबईच्या झोपडपट्ट्यांत जाऊन तेथील स्त्रियांचे जीवन पाहत. ‘भूमिका’ व ‘चक्र’ या दोन्ही चित्रपटांतील अभिनयाबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘उंबरठा’ या चित्रपटात त्या निराधार स्त्रियांच्या आश्रमाच्या अधीक्षिका आहेत. तेथील अन्याय पाहून स्वस्थ बसणे या अधीक्षिकेला जमत नाही. त्यासाठी तिला घराच्या सुखावरही पाणी सोडावे लागते. मराठी व हिंदीखेरीज गुजराती, बंगाली, तेलुगू व मल्याळम या भाषांतील चित्रपटांतही स्मिता पाटील यांनी कामे केली. सन १९८५ मध्ये भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले.

परंतु त्यांना आयुष्य फार थोडे लाभले. मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांनी त्या गंभीर आजारी पडल्या आणि १३ डिसेंबर १९८६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते.

त्यांच्या मृत्यूनंतर ‘मिर्च मसाला’ हा चित्रपट लोकांपुढे आला. त्यात जुलमी सुभेदारापुढे मान न तुकविणारी सोनबाई मिरच्यांच्या कारखान्यात आसरा घेते. अखेरीस तेथील कामकरी स्त्रिया मिरचीची पूड उधळून सुभेदाराला गुडघे टेकावयास लावतात. हाती कोयता घेऊन ताठ उभी राहिलेली सोनबाई प्रेक्षक विसरू शकत नाहीत.

दूधवाली, आदिवासी तरुणी, झोपडीतील आई, कारखान्यातील मजूर या साऱ्याजणी आपल्या आसपासच असतात. पण त्यांच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. स्मिता पाटील यांनी जेमतेम एका तपाच्या कारकिर्दीत त्यांना पडद्यावर मानाचे स्थान मिळवून दिले.