रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भक्ति

घाटनांदूरकडील आमच्या वाचकांना भक्ति हा शब्द नव्यानें शिकवावा लागत नाहीं. अंबाजोगाई त्यांच्या शेजारीं आहे. तेथें मुकुंदराजांची समाधि आहे, दासोपंतांची पासोडी आहे. आषाढ जवळ आला म्हणजे दिंड्या पंढरीच्या वाटेला लागतात, आणि टाळांचा आवाज दूर शेतांत काम करणाऱ्यांच्याही कानीं पडतो. आमच्या कित्येक मंडळ्यांत मात्र हा शब्द उच्चारतांना संकोच दिसतो. जी वाट आपण सोडून आलों त्या वाटेवरचा तो शब्द, म्हणून कोणी उपदेशक तो टाळतात. मग त्याच्या जागीं रविवारची हजेरी, वर्गणी आणि पाठ केलेलीं वचनें एवढेंच उरतें. हीं सारीं चांगलींच. पण एवढ्यानें देवाची भक्ति झाली काय? या प्रश्नाला वाद घालून उत्तर देण्यापेक्षां एका भक्ताचें चरित्र सांगावें असें आम्हांस वाटतें.

ते भक्त म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचीं गीतें आपण उपासनेंत गातों. परंतु गीतामागचा माणूस पुष्कळांना ठाऊक नसतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण घराण्यांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते व स्वभावानें कडक होते. आई जानकीबाई मोठी भाविक. कवितेची गोडी मुलाला तिच्याकडूनच लागली. ती लवकर वारली. त्यानंतर मुलाचें मन घरांत रमेना, आणि तो नाशिकास गेला. तेथें गणेशशास्त्री लेले यांनीं त्याला संस्कृत शिकविलें. १८८० सालीं त्यांचें लग्न झालें. वधू गोखल्यांची मनकर्णिका, वय अवघें अकरा-बारा वर्षांचें. पुढें सर्व महाराष्ट्र त्यांना लक्ष्मीबाई टिळक या नांवानें ओळखूं लागला.

टिळक एका ठिकाणीं फार काळ टिकत नसत. नोकरी धरावी, सोडावी. घरीं न सांगतां निघून जावें. हातीं आलेला पैसा समोर दिसेल त्या गरजवंताला देऊन मोकळें व्हावें, असा त्यांचा क्रम होता. परंतु त्यांची भटकंती केवळ लहरीपणाची नव्हती. या देशाच्या दुःखाला कोणता धर्म उपाय आहे, हा प्रश्न त्यांच्या जिवाला लागला होता. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानें ते संस्कृत ग्रंथांचें काम करीत होते, तेव्हांही त्यांना हा प्रश्न सोडीत नव्हता.

१८९३ सालीं ते रेल्वेनें राजनांदगांवास निघाले. घाटनांदूरच्या स्टेशनावर गाडींत चढणाऱ्या आपल्या माणसांना ठाऊकच आहे कीं गाडींत कोण शेजारीं येऊन बसेल याचा नेम नसतो. टिळकांच्या डब्यांत एक गोरे गृहस्थ होते. दोघांचा काव्यावर व धर्मावर संवाद झाला, आणि उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थांनीं त्यांच्या हातीं पवित्र शास्त्राचें पुस्तक ठेविलें. टिळकांनीं तें वाचण्यास घेतलें तें फार आवडीनें नव्हे. वाचण्याचें वचन दिलें होतें म्हणून. पण मत्तयाच्या पांचव्या अध्यायाशीं ते आले आणि तेथेंच थांबले. डोंगरावरील प्रवचनाचे ते तीन अध्याय त्यांना पुढें जाऊं देईनात. आमच्या उपदेशकांनीं येथें थोडें थांबून विचार करावा. त्या गाडींत प्रवचन झालें नाहीं, कीं दुसऱ्या धर्माची निंदा झाली नाहीं. एक माणूस दुसऱ्याशीं आदरानें बोलला आणि त्यानें एक पुस्तक दिलें. बाकीचें काम प्रभूनें केलें.

पुढें ज्ञानोदय पत्राचे संपादक डॉक्टर जस्टिन ॲबट यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार झाला. (याच ॲबटसाहेबांनीं नंतर आपल्या मराठी संतांचीं चरित्रें इंग्रजींत नेलीं, त्यांत अंबाजोगाईच्या दासोपंतांचेंही आहे, हें घाटनांदूरकरांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.) १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो एतद्देशीय पाळक रेव्हरंड तुकारामजी नथोजी यांच्या हातून व्हावा अशी त्यांची इच्छा होती, आणि तसेंच झालें. ख्रिस्त आपल्याच देशाच्या माणसाच्या हातून आपल्याला भेटावा, ही त्यांची ओढ पहिल्या दिवसापासूनची.

आतां आम्हांला या चरित्रांतला अवघड भाग सांगितला पाहिजे. कित्येक लेखांत तो दोन ओळींत आटोपतात. तसें करणें आम्हांला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. ही बातमी त्यांच्यावर वीज पडावी तशी पडली. पदरीं लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून घर मोडलें. नातलगांच्या आधारानें दिवस काढणें भाग होतें, आणि त्या कांहीं काळ पंढरपुरासही राहिल्या. चार-पांच वर्षें अशीं गेलीं. आमच्या मंडळ्यांत अशा स्त्रिया आहेत, ज्यांचे पति आधीं प्रभूकडे आले आणि त्या मागें राहिल्या. असे पुरुषही आहेत. त्यांना या वर्षांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं. टिळक तळमळत होते, पत्रें लिहीत होते. परंतु भक्ताची तळमळ आणि टाकलेल्या स्त्रीचे हाल एका तराजूंत सारखे भरत नाहींत, असें आमचें मत आहे. देवासाठीं सर्व सोडलें असें आपण म्हणतों. तेव्हां त्या सर्वांत दुसऱ्याचा किती वाटा होता हें पाहावें.

शेवटीं लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या. त्या ख्रिस्ती व्हावयास आल्या नव्हत्या. पतीपाशीं राहावें म्हणून आल्या. सोंवळें तसेंच, चूल निराळी. मंडळींतील पुष्कळ बंधुभगिनी अशा घराण्यांतून आलेल्या होत्या, ज्यांना गांवानें पिढ्यान्‌पिढ्या गांवकुसाबाहेर ठेविलें होतें. त्यांच्या हातचें पाणी घेणें लक्ष्मीबाईंना अशक्य होतें. टिळकांनीं येथें आपली उतावळी वृत्ति आवरली. निराळी चूल त्यांनीं मोडली नाहीं. तीं वर्षें संपतां संपतां लक्ष्मीबाईंनीं स्वतःशींच विचार केला कीं हा भेद देवानें केलेला नाहीं, माणसांनीं केलेला आहे; आणि बाप्तिस्मा होण्यापूर्वींच त्या कोणाच्याही हातचें खाऊं लागल्या. १९०० सालीं त्यांचा व दत्तूचा बाप्तिस्मा झाला. आम्हांला असें वाटतें कीं लक्ष्मीबाईंची भक्ति त्या पाण्याच्या घोटापासूनच सुरू झाली होती. ज्या मंडळींत आजही अमक्याच्या घरीं जेवावें कीं न जेवावें याचा विचार होतो, तेथील वडिलांनीं हें वाक्य पुन्हा एकदां वाचावें.

त्यानंतरचें टिळकांचें घर म्हणजे धर्मशाळाच. दुष्काळानें पोरकीं केलेलीं मुलें तेथें आलीं. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनीं रोग्यांची शुश्रूषा केली. पुढें त्र्यंबक बापूजी ठोंबरे नांवाचा एक कोंवळा कवि त्यांच्या घरीं मुलासारखा राहिला, हेच बालकवि. ते हिंदु होते आणि हिंदुच राहिले. टिळकांच्या प्रेमाला त्यानें उणेपणा आला नाहीं. टिळक कमावीत थोडें आणि वांटीत फार, आणि संध्याकाळीं चुलीवर काय चढवावें ही काळजी लक्ष्मीबाईंची. दानाचें पुण्य एकाच्या नांवावर आणि उपास दुसऱ्याच्या, असें त्या घरांत अनेकदां घडलें. लक्ष्मीबाईंनीं हें सारें पुढें आपल्या आठवणींत हंसत हंसत लिहिलें आहे; पण त्या हंसल्या म्हणून तें सोपें होतें असें कोणी समजूं नये.

१९०४ सालीं टिळकांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. नगरास ते धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवीत, आणि १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी भागाचें संपादन त्यांच्याकडे आलें. त्यांचें खरें काम मात्र गीतांचें. त्यापूर्वीं मंडळ्यांतून गाइलीं जाणारीं पुष्कळ गीतें इंग्रजीवरून उतरविलेलीं असत आणि चालीही परक्या. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनीं कीर्तन व देशी पदें ख्रिस्ती मंडळींत आधींच आणलीं होतीं, हें विसरतां कामा नये. टिळकांनीं ती वाट राजरस्त्याएवढी रुंद केली. अभंग, ओवी, पद, कीर्तन हीं सारीं त्यांनीं प्रभूच्या चरणीं आणलीं. तुकोबांना ते परका मानीत नसत. त्यांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं पोहोंचलों असें त्यांना वाटे. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरु आहे, माउली आहे, सखा आहे. न्यायाधीशासमोर उभ्या राहिलेल्या आरोपीची भाषा त्यांत क्वचितच. लेंकरूं आईला हांका मारतें तशी भाषा फार. आपल्या खेड्यांतील ज्या वृद्ध बायांना एक अक्षर वाचतां येत नाहीं, त्या टिळकांचें भजन टाळावर म्हणतांना डोळे मिटून घेतात. पेटी बेसूर असली तरी त्यांचें कांहीं अडत नाहीं.

आणि १९१७ साल आलें. टिळक पंचावन्न वर्षांचे होते. मिशनचा पगार त्यांनीं सोडला. भांडून सोडला नाहीं. मिशनरींवर त्यांचें प्रेम होतें, जरी हिंदी ख्रिस्ती माणसांना लेंकरांसारखें हाताशीं धरून ठेवूं नये असें ते त्यांना रोखठोक सांगत. ख्रिस्ताच्या सेवकानें या देशांत संन्याशासारखें, कोणाचा चाकर न होतां हिंडावें असें त्यांच्या मनानें घेतलें. साताऱ्यास त्यांनीं देवाचा दरबार सुरू केला. जो ख्रिस्ताला गुरु मानील, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, त्याला तेथें जागा होती. पुष्कळांना ही गोष्ट रुचली नाहीं; बाप्तिस्मा न घेतलेल्यांना बंधु म्हणावें कसें, असा प्रश्न निघाला. तो प्रश्न पोकळ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. मंडळी म्हणजे उघड्यावरची जत्रा नव्हे. पण वेशीच्या आंत न आलेले आणि तरी प्रभूकडे तोंड करून उभे राहिलेले लोक आपल्या प्रत्येक गांवांत असतात, आणि त्यांची काळजी वाहणारा माणूस क्वचित मिळतो.

लक्ष्मीबाईंना हा दुसरा संन्यास पाहून पहिल्या ताटातुटीची आठवण झाली असल्यास नवल नाहीं. या खेपेस मात्र त्या मागें राहिल्या नाहींत. त्याही साताऱ्यास गेल्या.

येथें आमच्या पगारी उपदेशकांच्या मनांत एक कांटा सलेल, हें आम्ही जाणतों. टिळकांनीं पगार सोडला, मग आम्ही घेतों तो अधर्म कीं काय? मुळींच नव्हे. ज्यांना चार लेंकरें आहेत आणि तीन गांवें पायीं फिरावयाचीं आहेत, त्यांनीं घेतलेला पगार हक्काचा आहे. टिळकांनींही तो बावीस वर्षांत बहुतेक काळ घेतला. त्यांनीं सोडलें तें वेतनापेक्षां निराळें होतें. साहेबांचें काम आणि देवाचें काम यांची जी गल्लत आपल्या मनांत होते, ती त्यांना सहन होईना. अहवालांत लिहावयाच्या सभांची संख्या पुरी झाली म्हणजे दिवसाची भक्ति झाली, असें ज्याला वाटूं लागतें त्यानें पगार सोडला तरी फरक पडणार नाहीं. आणि ज्याला तसें वाटत नाहीं त्याला पगाराची अडचण नाहीं.

दरबाराला फार दिवस लाभले नाहींत. टिळकांची प्रकृति ढांसळली आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांनीं देह ठेविला. त्यांच्यामागें दरबारही विरत गेला. प्रभूचें चरित्र ओवींत गावें म्हणून त्यांनीं ख्रिस्तायन नांवाचा मोठा ग्रंथ आरंभिला होता. त्याचे थोडेच अध्याय लिहून झाले होते.

तो ग्रंथ लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतला. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. अक्षरओळख घरींच, नवऱ्याकडून झालेली, तीही त्याच्या रागालोभाच्या चढउतारांत. जिची चूल एके काळीं निराळी होती, तिनें अध्यायामागून अध्याय लिहून प्रभूची कथा शेवटास नेली, आणि त्याच सुमारास स्मृतिचित्रेंही लिहिलीं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. ख्रिस्तायन छापून लोकांच्या हातीं आलें तें १९३८ सालीं. त्यांतील बहुतेक ओव्या त्यांच्या आहेत.