बाळंभटदादा देवधर

गेल्या सुट्टीत पनागरला घरी असताना कमरेएवढ्या भिंतीवर हात टेकून, हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे उतरायची उडी मी पहिल्याच दिवशी मारायला गेलो. मित्र बघत होते, म्हणून नाही म्हणवले नाही. मनगट मुरगळले आणि पंधरा दिवस पट्टी बांधून बसलो. त्याच दिवसांत बाबांनी मला बाळंभटदादा देवधरांची गोष्ट सांगितली. ती सर्व कॅडेट मित्रांना माहीत असावी म्हणून हा लेख.

बाळंभटदादांचा जन्म 1780 सालचा. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी ते कुस्तीचे गुरू होते. परंपरेने अशी कथा सांगतात की, हैदराबादच्या निजामाकडून अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य पैलवान पुण्यात आले. त्यांनी सगळ्या मल्लांना आव्हान दिले. पेशव्यांच्या दरबारात कोणी पुढे येईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी आव्हान स्वीकारले. मात्र त्यांनी तयारीसाठी मुदत मागितली. ती घेऊन ते नाशिकजवळच्या वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तेथे उपासना करताना मारुतीरायाने दृष्टांत देऊन लाकडी खांबावरचे डाव दाखवले, अशी श्रद्धा आहे. झाडांवरच्या माकडांच्या उड्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असेही काही जण सांगतात. पुण्यात परतल्यावर त्यांनी अलीला चीत केले आणि ते पाहून गुलाब न लढताच निघून गेला.

मला या कथेत दृष्टांतापेक्षा मुदत मागण्याची गोष्ट मोठी वाटते. भर दरबारात, सगळे बघत असताना, मी आज तयार नाही हे कबूल करायलाही धैर्य लागते. मला चार मित्रांसमोर ते जमले नव्हते.

मल्लखांब त्यांच्या आधीही होता. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पण मधल्या काळात ही विद्या मागे पडली होती. बाळंभटदादांनी तिला पुन्हा उभे केले, म्हणून आजचे खेळाडू त्यांना आद्यगुरू मानतात. हा खांब सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, जमिनीवर सुमारे साडेआठ फूट उंच, खाली जाड आणि वर निमुळता असतो. त्याच्या भागांना अंग, मान आणि बोंड म्हणतात. खांबाला एरंडेल तेल लावतात, म्हणजे कातडी सोलत नाही. तेलामुळे खांब निसटतो, म्हणून पकड मात्र पक्की लागते. कुस्तीत प्रतिस्पर्धी हलतो, खांब हलत नाही. त्यामुळे चूक झाली तर ती आपलीच असते.

या विद्येत क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी खांबाला हाताने धरणे, मग पायांची पकड म्हणजे अढी, मग साधी उडी. साध्या उडीत हातांनी खांब धरून कंबर वर न्यायची, डोके खाली आणि पायांची अढी वर. ती पक्की झाल्यावर तेढी, बगली, दसरंग, फरारे, सलाम्या, आसने अशी वाट पुढे जाते. साधी उडी कच्ची असणाऱ्याला वस्ताद पुढचे देत नाहीत.

1818 साली पेशवाई गेली. इंग्रजांनी बाजीरावांना कानपूरजवळ गंगाकाठच्या बिठूरला ठेवले. बाळंभटदादाही उत्तरेत गेले. बिठूरला नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनू, म्हणजेच पुढची झाशीची राणी, यांनी मल्लखांबाचे धडे घेतले असे सांगितले जाते. काशीतही दादांची शिष्यपरंपरा रुजली. कोंडभटनाना गोडबोले हे त्यांचे नामांकित शिष्य. राज्य गेले तरी दादांनी शिकवणे सोडले नाही. 1852 साली त्यांचे निधन झाले. सत्तावनचे युद्ध त्यांनी पाहिले नाही.

पुढे त्यांची विद्या दूरवर गेली. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. 1981 साली उज्जैनला मल्लखांबाची राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि 2013 साली आपल्या मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळाचा मान दिला. फ्रान्समध्ये नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर यांनी धावणे, चढणे, उड्या मारणे यांची जी पद्धत बसवली, तिच्यातून अडथळ्यांची शर्यत आणि पुढे पार्कूर आले. तिथेही नियम तोच : सोपे आधी, अवघड नंतर.

मनगट बरे झाल्यावर मीही मुदत घेतली. आधी गुडघ्याएवढ्या पेटीवर दोन्ही तळवे टेकून नुसते पलीकडे जाणे. मग हातांवर भार घेऊन अर्धी गिरकी आणि पेटीवरच पाय टेकणे. मग तिथून उरलेली अर्धी गिरकी घेऊन खाली उतरणे. एक हात कधी सोडायचा आणि नजर कुठे वळवायची, हे त्यातच कळते. दोन्ही अर्ध्या गिरक्या सुटसुटीत जमल्यावरच त्या जोडायच्या. मी अजून अर्ध्या गिरकीवर आहे. मित्र विचारतात, पूर्ण कधी मारणार? मी सांगतो, अजून मुदत संपलेली नाही.