कॉर्बुझिएच्या सावलीतला वास्तुकार

चंडीगड म्हटले की ल कॉर्बुझिए हे नाव ओठांवर येते. मात्र तेथे सलग चौदा वर्षे राहून त्या शहराला आकार देणारा वास्तुकार त्याच्याच घरातला होता. पिएर जानरे हे त्याचे नाव. कॉर्बुझिएच्या या चुलतभावाचे मोठेपण आजही ठळकपणे दिसते ते पंजाब विद्यापीठाच्या आवारात.

२२ मार्च १८९६ रोजी जिनिव्हात जन्मलेल्या जानरे यांनी १९२२ पासून कॉर्बुझिएसोबत पॅरिसमध्ये भागीदारीत काम केले. दुसऱ्या महायुद्धात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कॉर्बुझिएने जर्मनधार्जिण्या विशी सरकारशी जवळीक साधण्याचा प्रयत्न केला, तर जानरे प्रतिकार चळवळीत सामील झाले. हा दुरावा मिटला तो चंडीगडमुळे. १९५१ मध्ये जानरे भारतात आले. कॉर्बुझिए अधूनमधून येत असे. कामावरची रोजची देखरेख जानरेंकडे असे. पुढे पंजाब सरकारचे मुख्य वास्तुकार म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

लाहोरमध्ये १८८२ साली स्थापन झालेले विद्यापीठ फाळणीने बेघर झाले होते. अनेक गावांत विखुरलेल्या त्याच्या विभागांना सेक्टर १४ मध्ये हक्काचे छत मिळाले. भारतीय सहकारी बी. पी. माथुर यांच्या साथीने जानरेंनी या आवाराची रचना केली. हिरवळ, वृक्षराजी आणि त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या इमारती असे त्याचे रूप आहे. पंजाबच्या कडक उन्हाचा विचार येथे पदोपदी जाणवतो. पाण्याच्या कुंडात उमललेल्या कमळासारखे गांधी भवन हा या आवाराचा मुकुटमणी होय.

इमारत उभारून जानरे थांबले नाहीत. विद्यार्थी बसणार कशावर, वाचणार कोणत्या मेजावर, याचाही त्यांनी विचार केला. सागवान आणि वेत ही इथलीच सामग्री त्यांनी निवडली. उलट्या 'व्ही' आकाराच्या पायांची खुर्ची स्थानिक सुतारांना सहज घडवता येईल, इतकी साधी होती. अशा हजारो खुर्च्या कचेऱ्यांत, ग्रंथालयांत आणि वसतिगृहांत पोहोचल्या.

साधेपणामुळेच बहुधा त्यांचे मोल उमगले नाही. वेत तुटला, पाय डगमगले की खुर्च्या अडगळीत जात आणि भंगाराच्या लिलावात मातीमोल भावाने विकल्या जात. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, डागडुजी केली आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत त्यांना लाखोंच्या बोली लागल्या. काही खुर्च्यांच्या पाठीवर सरकारी खात्यांची रंगवलेली अक्षरे तशीच होती. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारशाच्या विक्रीवर निर्बंध घातले. २०१५ मध्ये गांधी भवनाच्या जतनासाठी अमेरिकेतील गेटी फाउंडेशनचे अनुदान मिळाले.

प्रकृती ढासळल्याने जानरे १९६५ मध्ये मायदेशी परतले. ४ डिसेंबर १९६७ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार १९७० मध्ये पुतणीने त्यांच्या अस्थी चंडीगडच्या सुखना तलावात विसर्जित केल्या. सेक्टर ५ मधील त्यांचे ५७ क्रमांकाचे घर २०१७ पासून संग्रहालय आहे. तरीही त्यांचे खरे स्मारक विद्यापीठाच्या आवारातच आहे. मात्र ते पुतळ्यासारखे लांबून पाहायचे नाही. रोज वापरायचे आणि म्हणूनच रोज जपायचे आहे.