कर्नलसाहेबांचा पन्नाशीतला हंगाम

सी. के. नायडूंचे नाव निघाले की आम्हा नागपूरकरांची मान उगाचच ताठ होते. उगाचच म्हणतो, कारण ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी या शहरात जन्मलेल्या आणि इथल्याच मैदानांवर वाढलेल्या या माणसाला पोटाला लावण्याची सोय आम्हाला करता आली नाही. ती केली इंदूरच्या होळकरांनी.

घराणे मूळचे तेलुगू, वकिलीत मुरलेले. वडील केंब्रिजला शिकून आलेले. मुलानेही काळा कोट चढवला असता तर कुणाला नवल वाटले नसते. पण १९१६ साली हा तरुण मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध उतरला आणि त्याने पहिली धाव घेतली तीच षटकाराने. गोऱ्या साहेबाला पहिल्याच भेटीत असा नमस्कार! मात्र टाळ्यांनी चूल पेटत नाही. त्या काळी खेळायचे तर घरचे राजेपण हवे, नाहीतर दिवसभर नोकरी करून सुटीच्या दिवशी मैदान गाठायचे.

१९२३ साली होळकरांनी नायडूंना इंदूरला बोलावले आणि आपल्या लष्करात हुद्दा दिला. पगार लष्कराचा, काम क्रिकेटचे! पुढे ते कर्नल झाले आणि सगळा हिंदुस्थान त्यांना कर्नलसाहेब म्हणू लागला. मला ही होळकरांची फार हुशारीची युक्ती वाटते. इंग्लंडात पैसे घेऊन खेळणाऱ्याला तेव्हा खालच्या पायरीवर बसवत. इथे त्याच माणसाला सलाम मिळत होता.

मधली वर्षे बहुतेकांना पाठ असतात. १९२६ साली एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व, हाताला दुखापत झालेली असताना पहिल्या डावात संघातर्फे सर्वाधिक ४० धावा. १९३६ साली ओव्हलवर शेवटच्या कसोटी डावात ८१. तेव्हा ते चाळिशीत होते. पुढे १९४१ साली एका लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीतही झळकले. आजच्या क्रिकेटपटूंच्या जाहिराती पाहून नाक मुरडणाऱ्या आजोबांना हे जरूर सांगावे.

पण मला ते खरे भेटतात ते त्यानंतर, होळकर संघाच्या १९४५-४६ च्या हंगामात. त्याआधीच्या वर्षी रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईने होळकरांना ३७४ धावांनी धूळ चारली होती. जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या! इंदूरजवळ महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून नाबाद २४९ धावा काढून गेला, तरी उपयोग झाला नाही. नायडूंचे धाकटे भाऊ सी. एस. यांनी त्या एका सामन्यात तब्बल ९१७ चेंडू टाकले. ते वाचतानाच खांदा दुखू लागतो.

असा मार खाल्लेला संघ पुढच्या हंगामात मोडून पडायचा. पण हा संघ सुटीतल्या हौशी खेळाडूंचा नव्हता आणि डोक्यावर कर्नलसाहेब होते. त्यांची शिस्त फार कडक. दुखण्याचे निमित्त सांगण्याची सोय नाही, कारण स्वतः ते कधी सांगत नसत. उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. त्या एका डावात सहा शतके झाली : भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रतापसिंग आणि स्वतः नायडू. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते. म्हैसूरच्या गोलंदाजांची मला आजही कीव येते.

अंतिम सामना विजय हजाऱ्यांच्या बडोद्याशी. ज्या वयात आपल्याकडे माणसे गुडघ्याला तेल चोळत निवृत्तीवेतनाचा हिशेब मांडतात, त्या पन्नासाव्या वर्षी नायडूंनी या सामन्यात २०० धावा काढल्या. होळकर ५६ धावांनी जिंकले आणि करंडक प्रथमच इंदूरला आला. बडोद्याने पुढच्याच वर्षी व्याजासकट वसुली केली. हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी रचली. पण होळकर संघ आता हटणारा नव्हता. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत तो दहा वेळा अंतिम फेरीत पोचला आणि चारदा जिंकला.

१९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर आदळून नायडूंचे दात पडले. वय ५६. रक्त पुसून ते पुन्हा उभे राहिले आणि ६६ धावा करून परतले.

संस्थाने विलीन झाली, होळकरांचे लष्कर गेले आणि १९५४-५५ नंतर तो संघही इतिहासजमा झाला. ज्या हुद्द्याने खेळाडूला पोसले तो हुद्दाच उरला नाही. कर्नलसाहेब मात्र थांबायला तयार नव्हते. १९५६-५७ साली, एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. प्रथम दर्जाचा शेवटचा सामना ते १९६३ साली खेळले, तो आमच्या नागपुरात. राज्यपालांचा संघ विरुद्ध मुख्यमंत्र्यांचा संघ असा तो सामना होता आणि नायडू तेव्हा ६८ वर्षांचे होते. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी डोळे मिटले ते इंदुरातच.

पुढे फार वर्षांनी, १ जानेवारी २०१८ रोजी, विदर्भाने दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. योगायोग पाहा, तो सामना झाला इंदूरला, होळकरांचे नाव असलेल्या मैदानावर. त्या दिवशी नागपूरच्या पोरांनी करंडक तिथूनच घरी आणला.