लॉर्ड लिस्टर : जखमेंतील अदृश्य शत्रु ओळखणारे शस्त्रवैद्य

ज्या काळीं शस्त्रक्रियेसाठीं इस्पितळांत पाऊल टाकणें म्हणजे मृत्यूच्या दारांत उभें राहणें असें लोकांस वाटे, त्या काळीं असंख्य रोग्यांस जीवदान देणारा मार्ग ज्यांनीं दाखविला, त्या जोसेफ लिस्टर यांचें चरित्र आम्ही आमच्या वाचकांस थोडक्यांत सादर करितों.

लिस्टर यांचा जन्म ता. ५ एप्रिल १८२७ रोजीं इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत, अप्टन येथें, एका क्वेकरपंथी ख्रिस्ती घराण्यांत झाला. वडील व्यापारी होते, तरी त्यांस सूक्ष्मदर्शक यंत्राचा मोठा नाद असे. त्या यंत्राच्या भिंगांत त्यांनीं केलेल्या सुधारणा विद्वानांस मान्य झाल्या होत्या. डोळ्यांस न दिसणारें जग पाहण्याची गोडी मुलास अशी घरींच लागली. लंडन येथें वैद्यकाची पदवी घेऊन १८५३ सालीं ते एडिंबरो येथें प्रख्यात शस्त्रवैद्य साइम यांजकडे गेले. १८५६ सालीं साइम यांची कन्या ॲग्नेस हिजशीं त्यांचा विवाह झाला. ही सुशील स्त्री पतीच्या प्रयोगांचीं टिपणें स्वहस्तें लिहीत असे.

१८४६ पासून रोग्यास ईथर हुंगवून शस्त्रक्रिया होऊं लागल्या. वेदना गेल्या, परंतु मृत्यु गेला नाहीं. १८६१ पासून ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरींत काम करितांना लिस्टर यांस हें दुःख नित्य दिसे. शस्त्रक्रिया यथासांग व्हावी, आणि थोड्याच दिवसांत जखम सडून, ताप भरून, रोगी दगावावा! वय, अशक्तपणा, अतिरक्तस्राव, उपचारास झालेला विलंब, हीं मृत्यूचीं कारणें होतींच. पण धट्टेकट्टे तरुणही मरत. वैद्य दूषित हवेस दोष देत. लिस्टर यांच्या ध्यानांत मात्र एक गोष्ट आली. हाड मोडूनही कातडी शाबूत राहिली, तर रोगी बहुधा बरा होई; कातडी फाटून जखम उघडी पडली, तर ती सडे. हवा दोघांसही तीच, मग हा भेद कां?

१८६५ सालीं रसायनशास्त्राचे प्राध्यापक अँडरसन यांनीं लुई पाश्चर यांच्या शोधांकडे त्यांचें लक्ष वेधलें. कुजणें हें सूक्ष्म जंतूंचें कार्य आहे हें कळतांच कोडें उलगडलें. कार्लाइल शहरांत मैल्याची दुर्गंधि घालविण्यास कार्बॉलिक ॲसिड वापरीत, हें त्यांच्या ऐकण्यांत होतें. ता. १२ ऑगस्ट १८६५ रोजीं, पायावरून गाडीचें चाक गेलेला अकरा वर्षांचा एक मुलगा इस्पितळांत आला. हाड मोडून जखम उघडी पडली होती. अशा वेळीं पाय कापणें हाच पुष्कळदां उपाय समजला जाई. लिस्टर यांनीं जखमेवर कार्बॉलिकमध्यें भिजविलेली पट्टी बांधिली. सुमारें सहा आठवड्यांत हाड सांधलें व पाय वांचला.

१८६४ व १८६६ ह्या दोन सालांत त्यांनीं हातपाय कापलेल्या ३५ रोग्यांपैकीं १६ मरण पावले होते. नवी पद्धति सुरू झाल्यावर १८६७ ते १८६९ पर्यंत ४० पैकीं ६ मरण पावले. विशेष हें कीं, एवढ्या थोड्या आंकड्यांवर फार विसंबूं नये, असें खुद्द लिस्टर यांनींच बजाविलें.

पुष्कळ वैद्यांनीं त्यांचा उपहास केला. त्यांनीं रागास न जातां आपलें काम चालू ठेविलें. हवेंतील जंतु मारण्यासाठीं त्यांनीं १८७१ सालीं कार्बॉलिकचा फवारा सुरू केला होता. परंतु हवेपेक्षां हात व हत्यारें यांवरील जंतु अधिक घातक, हें पटल्यावर त्यांनीं तो स्वतःच सोडून दिला. १८९७ सालीं त्यांस लॉर्ड ही पदवी मिळाली. ता. १० फेब्रुवारी १९१२ रोजीं वॉल्मर येथें ते निवर्तले. त्यांस अपत्य नव्हतें. परंतु त्यांच्या श्रमानें किती घरांतील मुलें वांचलीं याची गणती कोणी करावी?

आजही रोग्याचें वय, त्याचे इतर आजार व शस्त्रक्रियेची निकड यांवर त्याचें जगणें पुष्कळ अवलंबून असतें. त्यांतील कित्येक गोष्टी मनुष्याच्या हातीं नसतात; पण हात स्वच्छ ठेवणें त्याच्या हातीं असतें. विद्यार्थ्यांनो, जें आपल्या हातीं आहे तें निष्ठेनें करणें, आणि आपलें मत चुकीचें ठरलें तर तें नम्रपणें टाकून देणें, हे दोन गुण ह्या थोर पुरुषापासून तुम्ही घ्यावे, अशी आमची इच्छा आहे.