कर्नल सायक्स आणि दख्खनचे मासे

पुणे आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून घोड नदी वाहत जाते व पुढे भीमेला मिळते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी या नद्यांच्या काठी एक इंग्रज लष्करी अधिकारी भोयांच्या जाळ्यांतील मासे न्याहाळीत व त्यांची नावे विचारीत हिंडत असे. त्याचे नाव विल्यम हेन्री सायक्स.

सायक्स यांचा जन्म इ. स. 1790 मध्ये इंग्लंडात झाला. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात दाखल झाले. 1817 साली खडकी व पुणे येथे पेशव्यांच्या सैन्याशी झालेल्या लढायांत ते कंपनीच्या बाजूने लढले. पेशवाई बुडाली आणि दख्खनचा मुलूख कंपनीच्या हाती गेला. ज्या मुलखात ते तलवार घेऊन आले होते, त्याच मुलखात पुढे त्यांना लेखणी घेऊन फिरावे लागले.

1824 साली मुंबई सरकारने त्यांना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामी नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांतील लोकसंख्या, पिके, जमिनीचे हक्क, हवामान, सारे काही त्यांनी टिपून ठेवावयाचे होते. ही माहिती कंपनीला मुख्यत्वे राज्यकारभारासाठी व साऱ्यासाठी हवी होती, हे विसरून चालणार नाही. परंतु सायक्स यांची जिज्ञासा तेवढ्यावर थांबणारी नव्हती. पशू, पक्षी, मासे यांचीही त्यांनी नोंद आरंभिली. कोळसून या रानकुत्र्याचे वर्णन त्यांनी 1831 साली प्रसिद्ध केले.

माशांचे काम मात्र सर्वांत निराळे ठरले. उन्हाळ्यात दख्खनच्या नद्या आटतात व पाणी डोहांपुरते उरते. त्या डोहांत कोणता मासा कोठे सापडतो, हे भोयांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. शास्त्राला ते ठाऊक नव्हते. सायक्स माशाची मापे घेत, पर व खवले तपाशीत आणि मापाबरहुकूम चित्रे तयार करवीत. अशा रीतीने चाळिसांहून अधिक जातींचे वर्णन त्यांनी सिद्ध केले. ते 1839 व 1841 साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापले.

शास्त्रज्ञ प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव देतात. ते शब्द बहुधा लॅटिन वा ग्रीक असावयाचे. सायक्स यांनी दुसऱ्या शब्दाच्या जागी पुष्कळदा भोयांच्या तोंडचेच नाव ठेविले. त्यामुळे शिंगटी जगभर ‘मिस्टस सींगटी’ म्हणून ओळखली जाते. घोगऱ्याचा मात्र ‘रिटा गोग्रा’ झाला. इंग्रजी कानाला ‘घ’ पेलला नसावा! घोड नदीतील एका मोठ्या माशाचे नाव ‘मुसुल्ला’, तर महासीर माशाच्या एका जातीचे नाव ‘खुद्री’ असे शास्त्रात रूढ झाले.

1829 साली सरकारने त्यांचे पद रद्द केले. तरीही सायक्स यांनी हाती घेतलेला अहवाल पुरा केला व 1831 साली मायदेशचा रस्ता धरला. 1834 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे ते ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष झाले आणि 1857 पासून अखेरपर्यंत ब्रिटिश पार्लमेंटमध्ये सभासद होते. 1872 च्या जूनमध्ये लंडन येथे त्यांचा अंत झाला.

आपल्या लंडनच्या विद्वान स्नेह्यांचीही नावे सायक्स यांनी काही माशांना दिली. ‘रोहती ऑगिल्बी’ हे त्यांपैकीच एक. ज्या भोयांनी मासे पकडून दाखविले, त्यांच्यापैकी मात्र एकाचेही नाव कोणत्याच माशाला मिळाले नाही. उरले ते त्यांचे शब्द. इंद्रायणीत सायक्स यांना सापडलेला, नाकाडावर उंचवटा असलेला ‘नुकता’ मासा आता दुर्मिळ झाला आहे. भीमेवर उजनीचे धरण झाले, परदेशी तिलापिया मासा तिच्या पाण्यात माजला. जुन्या जातींच्या शोधात निघालेले अभ्यासक सायक्स यांची चित्रे बरोबर घेतात, आणि नदीकाठी पोहोचल्यावर प्रथम भोयांनाच विचारतात.