रुडॉल्फ डीझेल

पुण्याहून पौडमार्गें ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुळशी तालुक्यांतील माले हें गांव लागतें. भाताचीं पोतीं, दुधाचे कॅन व घरबांधणीचें सामान वाहणाऱ्या पिकअप गाड्या ह्या रस्त्यानें नित्य जा-ये करितात. त्यांपैकीं पुष्कळ गाड्यांच्या इंजिनाला एका मनुष्याचें नांव मिळालेलें आहे. परंतु पंपावर तें नांव रोज उच्चारणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना त्या मनुष्याची ओळख असते. त्या रुडॉल्फ डीझेल यांचें चरित्र थोडक्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

रुडॉल्फ यांचा जन्म ता. १८ मार्च १८५८ रोजीं पॅरिस येथें झाला. आईबाप मूळचे जर्मनीकडील बव्हेरिया प्रांताचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवून संसार चालवीत. १८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांच्यांत युद्ध पेटलें आणि ह्या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनचा आश्रय घ्यावा लागला. बारा वर्षांच्या रुडॉल्फला विद्येसाठीं ऑग्सबर्ग येथें एका नातलगाकडे पाठविण्यांत आलें. हे नातलग गणिताचे शिक्षक होते. आईबापांपासून दूर राहून ह्या मुलानें अभ्यासांत असें मन घातलें कीं, चौदाव्या वर्षींच आपण इंजिनियर होणार असा त्याचा निश्चय झाला. पुढें शिष्यवृत्ति मिळवून तो म्यूनिक येथील तंत्रविद्यालयांत गेला आणि १८८० सालीं अत्युच्च गुणांनीं उत्तीर्ण झाला.

म्यूनिक येथें त्यांना कार्ल फॉन लिंडे हे गुरु लाभले. शीतयंत्रांच्या विद्येंत लिंडे यांचा मोठा लौकिक होता. त्यांच्या व्याख्यानांतून डीझेल यांना एक गोष्ट कळली. ती अशी कीं, वाफेच्या यंत्रांत जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकीं जेमतेम दहावा हिस्सा कामीं येतो व बाकीची फुकट जाते. हा अपव्यय त्यांच्या मनाला फार लागला. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें दाबून धरून दट्ट्या जोरानें दाबला, तर पंप गरम होतो, हें आपणांस ठाऊक आहेच. हवा ह्याहून कितीतरी अधिक दाबली तर ती इतकी तापेल कीं, तींत सोडलेलें तेल ठिणगीवांचून पेट घेईल आणि उष्णतेचा फार मोठा भाग कामीं येईल, असा डीझेल यांचा विचार होता.

१८९२ सालीं त्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला व पुढच्याच वर्षीं तें त्यांना मिळालें. ऑग्सबर्ग येथील यंत्रकारखाना व प्रसिद्ध क्रुप कंपनी यांनीं प्रयोगांचा भार उचलला. ता. १० ऑगस्ट १८९३ रोजीं पहिल्या यंत्रांत तेल पेटलें खरें, पण त्या धक्क्यानें दाब मोजण्याचें उपकरणच फुटलें! दुसऱ्या कोणी हा नाद सोडून दिला असता. डीझेल यांनीं यंत्र पुन्हां बांधिलें. फेब्रुवारी १८९४ मध्यें तें आपल्या बळावर अवघें एक मिनिट चाललें. त्या एका मिनिटानंतर आणखी तीन वर्षें श्रम झाले, आणि १८९७ सालीं प्रोफेसर श्रोटर यांनीं घेतलेल्या परीक्षेंत तेलांतील सव्वीस टक्क्यांहून अधिक उष्णता कामीं येते असें ठरलें.

इतका काळ लागण्याचें एक मोठें कारण म्हणजे दाब कोंडून धरण्याची अडचण. ही अडचण आजच्या गाडींतही असतेच. इंजिनाचा खालचा ठोकळा व वरचें हेड ह्यांमध्यें एक पातळ पत्रा असतो. मिस्त्री त्याला हेड गॅस्केट म्हणतात. आंतील जळते वायु, गार ठेवणारें पाणी आणि वंगणाचें तेल ह्या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचें काम ह्या पत्र्याकडे असतें. घाट चढतांना पाणी कमी पडून इंजिन तापलें कीं हेड वांकतें व गॅस्केट जळतें. मग धुराड्यांतून पांढरा धूर निघतो, रेडिएटरमध्यें बुडबुडे येतात, तेल दुधासारखें होतें. अशा वेळीं नुसतें पाणी भरीत गाडी हांकणारा थोडक्या खर्चाच्या भयानें सबंध इंजिन गमावून बसतो. (तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कधींही उघडूं नये, अंग भाजतें.)

जाणता मिस्त्री इंजिन गार होऊं देतो, पाणी काढतो, बोल्ट बाहेरून मध्याकडे क्रमाक्रमानें सैल करितो, हेड उतरवितो आणि सरळ पट्टी लावून तें वांकलें आहे काय हें पाहतो. वांकलें असल्यास तें घांसून सपाट करवून घेतो. दोन्ही बाजू स्वच्छ पुसून योग्य जाडीचें नवें गॅस्केट बसवितो. जुनें पुन्हां वापरीत नाहीं. शेवटीं मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्यानें, टॉर्क पान्यानें मोजून बोल्ट आंवळतो. एक बोल्ट अधिक व एक कमी आंवळला गेला, तर सर्व श्रम वायां जातात.

डीझेल यांना कीर्ति व संपत्ति दोन्ही लाभलीं. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत त्यांच्या पद्धतीचें एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें. परंतु पेटंटांचे तंटे, ढासळलेली प्रकृति व व्यवहारांतील नुकसान यांनीं त्यांना ग्रासलें. ता. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं ते अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन नांवाच्या आगबोटींत होते. सकाळीं त्यांची खोली रिकामी आढळली. पुढें समुद्रांत एक प्रेत सांपडलें. त्याच्याजवळील वस्तू मुलानें ओळखिल्या. मृत्यूचें कारण कायमचें अज्ञात राहिलें. ते कर्जांत बुडाले होते, हें मागाहून उघड झालें.

आपल्या महाराष्ट्रांत १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि डीझेल यांच्या तत्त्वावर चालणारीं इंजिनें शेतकऱ्याच्या विहिरीवर पाणी उपसूं लागलीं. पॅरिसमधून परागंदा झालेल्या मुलाची विद्या अशी आपल्या मळ्यापर्यंत पोंचली. ह्या इंजिनाचा धूर हवा दूषित करितो हेंही खरें; तो दोष दूर करण्याचें काम पुढील पिढीकडे आहे.

विद्यार्थिमित्रहो, फुटलेल्या उपकरणापासून यशस्वी परीक्षेपर्यंत डीझेल यांना साडेतीन वर्षें लागलीं. गणिताचें एखादें उदाहरण दोनदां चुकलें म्हणून पाटी बाजूला ठेवावीशी वाटेल, तेव्हां त्या एका मिनिटाची आठवण ठेवावी. आणि पालकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, गॅरेजमध्यें काळ्या हातांनीं बोल्ट मोजून आंवळणाऱ्या मुलाची विद्याही विद्याच आहे. घाटांत भरलेली गाडी व तींतील माणसें सुखरूप राहतात, तीं त्याच विद्येच्या भरंवशावर.